अकीक की अ‍ॅमेथिस्ट?

बहिणीच्या लॉकेटसाठी ठाण्यात राम मारुती रोडवर दोन्ही खडे हातात घेऊन पाहिले. मूळ एकच, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचं खनिज. कठीणपणा मोह्सच्या १ ते १० मापावर साधारण ७. पण माझा जीव अकीकावर. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका (ज्याचं क्वार्ट्झ बनतं ते द्रव्य) विरघळलेलं पाणी झिरपतं, थरावर थर बसतात आणि ते सुंदर पट्टे उमटतात. आपली ठाण्याजवळची पारसिकची टेकडीही दख्खनच्या अशाच बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाची, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची! अकीक इतका चिवट, की प्रयोगशाळेतले खलबत्तेही त्याचे करतात. भडक निळा, गुलाबी मात्र बहुधा रंगवलेला असतो, तो टाळाच.

अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग लोह आणि नैसर्गिक किरणोत्सारामुळे येतो. देखणा खरा, पण फार ऊन लागलं तर फिका पडू शकतो. लॉकेट रोज घालायचं, म्हणून अकीकच घेतला.