ओट्यामागची भिंत: ग्रॅनाइटच वर न्यायचा की टाइल्स लावायच्या?

नाशिकच्या बहुतेक फ्लॅटमध्ये ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आणि फरशी फिक्या व्हिट्रिफाइड टाइल्सची असते. त्यात हल्ली लाकडी छटेच्या लॅमिनेटची कपाटं. प्रश्न उरतो तो ओटा आणि वरची कपाटं यांच्या मधल्या दोन फूट पट्टीचा.

ओट्याचाच ग्रॅनाइट वर नेला तर सांधे जवळपास नसतात. फोडणीचे शिंतोडे उडाले की ओलं फडकं फिरवलं, झालं. पण पॉलिश केलेल्या काळ्या दगडावर बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ लगेच दिसतात, आणि वर गडद कपाटं असतील तर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खर्चही जास्त: दगड, कटिंग, सॉकेटसाठीची भोकं, सगळंच.

टाइल्स स्वस्त. गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल कारखान्यांचा माल इथल्या दुकानांत भरपूर मिळतो. फिक्या, साध्या टाइलमुळे उजेड वाढतो. खरी डोकेदुखी सांध्यांची: त्यांत भरलेला पांढरा सिमेंट ग्राउट हळदीने पिवळा पडतो. म्हणून एक बाय दोन फुटांची मोठी टाइल आणि इपॉक्सी ग्राउट (रेझिनचा, डाग सहज न धरणारा) घ्यावा, तोही करडा.

ग्रॅनाइटवर ठिपके किंवा लॅमिनेटवर रेषा ठळक असतील तर नक्षीची टाइल नकोच. (फळांच्या टोपलीची तर मुळीच नको.) माझं मत टाइलला. मात्र स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि कपाटं पांढरी असतील, तर ग्रॅनाइट झकास दिसतो. दुकानात जाताना ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा पिशवीत टाका आणि टाइल दाराबाहेरच्या उन्हात त्याला लावून बघा.