लिनक्स मिंट, सात महिन्यांनंतर: ४,६०० चं कार्ड आणि २२० ची केबल

परवा रात्री अकरा वाजता कॅबिनेट उघडलं, ग्राफिक्स कार्ड उपटून टेबलावर ठेवलं, आणि गणपतीत विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तेव्हापासून ज्या काळ्या पडद्यापायी डोकं फोडत होतो तो प्रश्न तासाभरात सुटला. आनंद व्हायला हवा होता. झाला राग, स्वतःचाच. तो ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

मशीन २०१५ साली असेंबल केलेलं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच८१ बोर्ड, आठ जीबी रॅम. २०१६ ला त्यात एनव्हिडियाचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड टाकलं, रोख ४,६०० मोजून. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी मूर्खपणाची कथा त्याच्यामुळे घडली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि ११ माझ्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या मशीनचं कोटेशन आलं पंचेचाळीस हजार. माझं काम काय, तर क्लासच्या प्रश्नपत्रिका, पीडीएफ आणि रात्री जेवताना यूट्यूब. एवढ्यासाठी पंचेचाळीस हजार मोजायला मी काही वेडा नाही. २४० जीबीची एसएसडी आणली, जुनी डिस्क विंडोजसकट काढून कपाटात ठेवली, आणि गणपतीच्या सुट्टीत मिंट २२.१ टाकायला बसलो. (यांच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. २२ ची विल्मा, २२.१ ची झिया. बायको म्हणाली, नक्की काय डाउनलोड करताय?)

पेनड्राइव्हवरून चालू केलं. मिंटचा हिरवा लोगो आला, ठिपके फिरले, आणि पडदा काळा. पंखा चालू, कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, म्हणजे मशीन जिवंत आहे. फक्त दाखवत काही नाही. तीनदा केलं, तीनदा तेच.

पहिला माणूस आठवला तो नेहमीचा असेंब्लीवाला. मशीन उचलून त्याच्याकडे नेलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "सर, कार्ड गेलंय. नवीन टाका, साडेसहा हजारांत बसवून देतो." मी म्हटलं, अहो, सकाळपर्यंत विंडोज चालत होतं याच्यावर. तर म्हणे, कार्ड असंच अचानक जातं. वर चेकिंगचे तीनशे मागितले. कशाचे तीनशे, लोगो बघितल्याचे? बरीच बोलाचाली होऊन दीडशेवर तुटलं. ते दीडशे अजून टोचतात.

घरी येऊन भाच्याला फोन लावला. तो पुण्यात असतो, याच धंद्यात आहे. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, कार्डच काढून बघा की." मी म्हटलं, चार हजार सहाशेचं कार्ड आहे, काढायला घेतलंय का? तो बिचारा गप्प बसला आणि दुसरा रस्ता सांगायला लागला.

दुसरा रस्ता म्हणजे नोमोडसेट. पेनड्राइव्हच्या पहिल्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असा पर्याय असतो, त्यात हा शब्द आधीच घातलेला असतो. एरवी चालू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः ग्राफिक्स चिपचा ताबा घेतो आणि रिझोल्यूशन वगैरे ठरवतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी त्याच्यासोबत येणारा खुला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) म्हणजे नूव्हो. माझ्या कार्डाशी त्याचं जमेना, म्हणून त्या क्षणी पडदा जायचा. नोमोडसेट लिहिलं की कर्नलला हुकूम मिळतो, तू पडद्याला हात लावू नकोस, फर्मवेअरने (बोर्डातल्याच प्रोग्रॅमने) जे चित्र उभं करून दिलंय त्यावरच भागव. चित्र येतं, पण ते भागवलेलंच असतं. माझ्याकडे ८०० बाय ६०० वर आलं. इन्स्टॉलरच्या खिडकीचं खालचं टोक पडद्याबाहेर, म्हणजे 'पुढे'चं बटणच दिसेना. टॅब दाबत दाबत अंदाजाने एंटर मारला. वेळ निवडायच्या पानावर एकदा चुकून मागे गेलो, पुन्हा आलो. आंधळ्याने सुईत दोरा ओवावा तसं ते इन्स्टॉलेशन झालं. तरी वीस मिनिटांत झालं, हे कबूल करायला हवं.

पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं, पुन्हा काळं. कारण पेनड्राइव्हवरचा नोमोडसेट एसएसडीवर आपोआप येत नाही. इथे ग्रबचा, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू लागतो, आणि डिस्कवर एकच सिस्टिम असेल तर तो लपवलेला असतो. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) असलेल्या मशीनवर चालू होताना एस्केप दाबायचं. एकदा. मी घाबरून पाच-सहा वेळा दाबलं आणि काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाणाचं चिन्ह. मला वाटलं, गेलं, सगळंच गेलं. तिथे 'नॉर्मल' असं टाइप करून एंटर आणि लगेच एकदा एस्केप, की मेनू येतो. हे कळायला मला रात्रीचा दीड वाजला. मग मेनूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश'च्या जागी नोमोडसेट लिहायचं, एफ१० दाबायचं. हे त्या एका वेळेपुरतंच असतं. दर वेळी कोण लिहीत बसणार, म्हणून मी ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरच्या ग्रब फाइलीत तो शब्द कायमचा घातला, 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं आणि विसरून गेलो. हा विसरलेला शब्द पुढे परत येणार आहे.

मग ड्रायव्हर मॅनेजर. जीटी ७३० ची गंमत अशी की एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. एक फर्मी, एक केप्लर. फर्मी निघाली तर तिला ३९० मालिकेचा जुना ड्रायव्हर लागतो, आणि मिंट २२ च्या सॉफ्टवेअर-भांडारात तो नाहीच. केप्लरला ४७० चालतो. टर्मिनलमध्ये 'इन्क्सी', जागा, वजा, मोठा 'जी' एवढं लिहिलं की चिपचं नाव दिसतं. जीएफने सुरू होणारं असेल तर फर्मी, जीकेने असेल तर केप्लर. माझं जीके२०८ निघालं. जुनं कार्ड घेणार असाल तर खोक्यावरचं नाव बघून घेऊ नका, विकणाऱ्याकडून चिपचं नाव वदवून घ्या. ४७० टाकला, रीस्टार्ट केलं, आणि १९२० बाय १०८० चा लखलखीत पडदा. बायकोला उठवून दाखवलं. तिने "छान" म्हणून कूस बदलली.

त्या आठवड्यात मी मिंटचा भक्त झालो होतो. पिढीजात एचपीचा प्रिंटर काही न टाकता चालला, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळाला, मशीन चाळीस सेकंदांच्या आत हजर. टाइमशिफ्टने रोजचा स्नॅपशॉट घ्यायला लावला, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम कालच्या दिवसावर परत नेता येते. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग झोपेचा प्रश्न सुरू झाला.

मला मशीन बंद करायची सवय नाही. दुपारी जेवायला उठलो की सस्पेंड, आलो की कीबोर्डला हात लावून जागं करायचं, विंडोजवर दहा वर्षं हेच केलं. इथे जागं केलं की तीनातून एकदा पडदा काळा, आत माउसचा बाण तेवढा फिरतोय. कधी रंगीत चिंध्या. कंट्रोल-आल्ट-एफ१ दाबून अक्षरांच्या पडद्यावर जायचं आणि एफ७ ने परत यायचं, की कधीकधी चित्र यायचं. न आल्यास बटण दाबून बंद. त्यात एकदा दहावीच्या सराव परीक्षेची अर्धी प्रश्नपत्रिका गेली. लोक म्हणतील, मग शटडाउन कर ना बाबा. कबूल. पण एकदा डोक्यात किडा शिरला की शिरला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी या एका गोष्टीवर किती रात्री घालवल्या ते सांगायची लाज वाटते. कर्नलचं अपडेट आलं, एका सकाळी मशीन थेट १०२४ बाय ७६८ वर उठलं, कारण नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बनलाच नव्हता. ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडून काम चालवलं. तेव्हा मिंटला दोनच द्यावेत असं वाटत होतं.

मधे भाचा त्याचा लॅपटॉप घेऊन आला, त्यावरही आम्ही मिंट टाकलं. तिथे सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर लोड होऊ न देणारी सोय) चालू होतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येऊन विचारतो, ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची का? दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो आणि ड्रायव्हर टाकूनही लोड होत नाही. आम्ही तेव्हा चहा घेत होतो. पुढचा अर्धा तास ड्रायव्हर का चालत नाही म्हणून भाचा, जो हेच काम करून पगार घेतो, डोकं खाजवत होता. मला फार बरं वाटलं.

जाताना तो पुन्हा म्हणाला, "मामा, कार्ड काढून बघा की एकदा." मी पुन्हा तोच आकडा सांगितला.

शेवटी परवा कार्डाच्या छोट्या पंख्याने घरघर सुरू केली आणि माझा धीर सुटला. 'पर्ज' करून ४७० उडवला, कार्ड काढलं. प्रोसेसरच्या आतच इंटेलचं ग्राफिक्स आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अडचण अशी की बोर्डाला व्हीजीए आणि डीव्हीआय, आणि मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय. व्हीजीएवर अक्षरं भिजल्यासारखी दिसतात. संध्याकाळीच दुकानातून डीव्हीआय ते एचडीएमआय केबल आणून ठेवली होती, २२० रुपये. चित्राचा डिजिटल सिग्नल दोन्हीत सारखाच असतो, त्यामुळे मधे कुठला डबा लागत नाही. जोडली, चालू केलं. १०२४ बाय ७६८. वर सूचना, की सिनामन (मिंटचा डेस्कटॉप) हार्डवेअरच्या मदतीशिवाय चालतंय. इन्क्सीत चित्र काढणाऱ्याच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप', म्हणजे प्रोसेसर हाताने रंगवतोय.

खुर्चीत मागे रेलून बसलो. मग आठवलं. नोमोडसेट! एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला त्याने काही फरक पडत नव्हता म्हणून सात महिने तो शब्द तिथे सुखाने बसून होता, आणि आता इंटेलच्या चिपलाही कर्नल हात लावत नव्हता. फाइल उघडली, शब्द खोडला, अपडेट-ग्रब, रीस्टार्ट. पूर्ण रिझोल्यूशन. ड्रायव्हर टाकणं नाही, काही नाही, कर्नलमध्येच आहे तो. लगेच सस्पेंड करून उठवलं. उठलं. पुन्हा केलं. बारा वेळा केलं, मोजून. बारा वेळा उठलं. यूट्यूब १०८०पी अडखळत नाही, पंख्याची घरघर नाही.

म्हणजे पहिल्याच दिवशी कार्ड काढलं असतं तर काळा पडदाच आला नसता बहुतेक. मिंटला आता साडेचार. अर्धा कापला तो ८०० बाय ६०० वर न दिसणाऱ्या बटणासाठी.

भाच्याला अजून सांगितलेलं नाही. कार्ड विकायला काढलंय. असेंब्लीवाल्याला विचारलं तर तोच माणूस, ज्याच्या मते ते कधीच गेलं होतं, म्हणाला, "चालू असेल तर तीनशे देतो." तीनशेला नाही देणार. ड्रॉवरमध्ये राहू दे.