परदेशातील अडीअडचणीसाठी पहिले क्रेडिट कार्ड: आयडीएफसी फर्स्ट वॉव, एका प्रवासानंतर

मी सांगलीत शिकवण्या घेते. पगारपत्रक माझ्याकडे नाही आणि उधारीची धास्ती लहानपणापासून असल्यामुळे पन्नाशी उलटेपर्यंत क्रेडिट कार्डाच्या वाटेला मी गेले नव्हते. मे 2024 मध्ये यजमानांसह व्हिएन्ना आणि प्राग येथे जायचे ठरले तेव्हा रोजच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, घेतले. परंतु ते हरवले, बंद पडले किंवा त्यातील रक्कम संपली, तर परक्या देशात हातात काय राहील, हा प्रश्न उरलाच. युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, तो आमच्याकडे होता. मात्र दवाखान्यातल्या किरकोळ उपचारांचे पैसे बहुधा आधी आपण भरायचे असतात आणि विमा कंपनी ते मागाहून देते. मधल्या काळासाठी पैशांची सोय हवी, एवढ्याच हेतूने मी कार्ड शोधू लागले.

ज्या बँकेत आमचे बचत खाते वीस वर्षे आहे तिने उत्पन्नाच्या कागदपत्रांवरून अर्ज परत केला. म्हणून मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे आयडीएफसी फर्स्ट बँकेचे ‘वॉव’ कार्ड घेतले. मी एक लाखाची ठेव ठेवली आणि तेवढीच खर्चमर्यादा मिळाली. उत्पन्नाचा पुरावा लागला नाही, वार्षिक शुल्क नाही, ठेवीवर व्याज चालू राहते. कार्ड असेपर्यंत ती ठेव मोडता मात्र येत नाही.

हे कार्ड निवडण्याचे खरे कारण म्हणजे त्यावर परकीय चलनाचे अधिभार शुल्क, ज्याला बँका मार्कअप म्हणतात, ते मी कार्ड घेतले तेव्हा शून्य होते. सुरुवातीच्या बहुतेक कार्डांवर हे शुल्क 3.5 टक्के असते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की ते 4.13 टक्के होते, म्हणजे दहा हजारांच्या बिलामागे 413 रुपये. कार्डे विकणारी मंडळी विमानतळावरील लाउंज, चित्रपटाची तिकिटे आणि रिवॉर्ड पॉइंट यांविषयी भरभरून बोलतात. या 413 रुपयांविषयी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. अडचणीपुरते कार्ड घेणाऱ्याने लाउंजचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष गरज पडली ती प्रागमध्ये. रविवारी रात्री यजमानांची दाढ असह्य ठणकू लागली आणि तातडीच्या दंतसेवेचे बिल 2,800 कोरुना (तिथले चलन) झाले. फॉरेक्स कार्डात युरो होते, तेही थोडेच. वॉव कार्ड यंत्रात घातले आणि व्यवहार नाकारला गेला! दोष कार्डाचा नव्हता, माझा होता. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशातील वापरासाठी चालू करून दिले जाते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः चालू करावा लागतो. घरून निघताना मी तो चालू केला असे समजत होते, प्रत्यक्षात फक्त ऑनलाइन व्यवहारांचे बटण दाबले होते. दवाखान्याच्या वायफायवर ॲप उघडून दुरुस्ती केली आणि दुसऱ्या खेपेस पैसे गेले. ॲपमध्ये शिरण्यासाठी ओटीपी लागला, तो भारतीय सिमकार्डावर रोमिंगमधून आला. पैसे वाचवण्यासाठी ते सिम काढून ठेवण्याचा यजमानांचा विचार मी निघताना हाणून पाडला होता, हे येथे नमूद करते.

त्याच यंत्राने आणखी एक प्रश्न विचारला: रक्कम कोरुनात घ्यायची की रुपयांत? रुपये पाहून कोणालाही हायसे वाटते, परंतु तेथेच फसगत आहे. रुपये निवडले की विनिमयाचा दर आपल्या कार्डाचे जाळे (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कंपनी) ठरवत नाही, तो त्या यंत्रामागची संस्था ठरवते आणि त्यात स्वतःचा नफा मिळवते. शून्य मार्कअपचा सारा लाभ तेथे वाया जातो. स्थानिक चलनच निवडावे. मी कोरुना निवडले आणि पुढे विवरणपत्रात व्हिसा कंपनीच्या दरानुसार रक्कम लागली, वर काहीही नाही.

आता उणीव सांगते. मर्यादा ठेवीएवढीच असल्यामुळे कार्ड फार लवकर भरते. व्हिएन्नातील हॉटेलने खोली देताना अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडवून ठेवली होती. ती खर्च झालेली नसली तरी आमच्या मर्यादेतून वजा होती आणि आम्ही प्रागला पोचल्यानंतरही चार दिवस मोकळी झाली नव्हती. दाढेऐवजी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली असती, किंवा परतीची दोन तिकिटे ऐनवेळी काढावी लागली असती, तर एक लाख पुरले नसते. ज्यांना पगारावर मोठ्या मर्यादेचे, कमी मार्कअपचे कार्ड मिळू शकते त्यांनी आपली ठेव अडकवू नये. शिकवण्या घेणारे, शेती किंवा छोटा धंदा करणारे, निवृत्त, गृहिणी यांच्यासाठी मात्र ही सोय चांगली आहे.

रोख रक्कम मी या कार्डाने काढली नाही. बहुतेक क्रेडिट कार्डांवर एटीएममधून पैसे काढले की शुल्क लागते आणि व्याजही त्याच दिवसापासून सुरू होते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला बहुधा लागू नसते. रोखीसाठी फॉरेक्स कार्ड बरे.

दाढेचे बिल देय तारखेपूर्वी पूर्ण भरले. विम्याचे पैसे त्यानंतर तीन आठवड्यांनी आले. पुढच्या प्रवासाआधी ठेव दोन लाखांची करणार आहे आणि यजमानांच्या नावे दुसऱ्या बँकेचे, शक्यतो मास्टरकार्डचे, स्वतंत्र कार्ड घेणार आहे. माझ्याच कार्डाला जोडलेले पुरवणी कार्ड नको, कारण त्याची मर्यादा तीच असते. एक कार्ड माझ्या पर्समध्ये राहील आणि दुसरे हॉटेलच्या तिजोरीत.