वायेथची 'ट्रेझर आयलंड': प्रत पारखून घ्या

नुसती गोष्ट वाचायची असेल तर 'ट्रेझर आयलंड' या स्टीव्हन्सनच्या समुद्री चाच्यांच्या कादंबरीची कुठलीही प्रत चालते. अमेरिकन चित्रकार एन. सी. वायेथच्या चित्रांसाठी घ्यायची असेल तर मात्र पारखून घ्यावी लागते. या चित्रांचा जीव सावलीत आहे आणि स्वस्त छपाईत सगळ्यात आधी मरते ती सावलीच.

१९११ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स या प्रकाशनसंस्थेने हे काम दिलं, तेव्हा वायेथ २८ वर्षांचा होता. मोबदला २,५०० डॉलर. त्या पैशाच्या बळावर त्याने पेनसिल्व्हेनियात चॅड्स फोर्डला १८ एकर जमीन घेतली. चित्रं एकूण १७: आत पानभर १४, शिवाय मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि एंडपेपर (पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेलं पान). मूळ तैलचित्रं सुमारे ४७ बाय ३८ इंचांची. पुस्तकाच्या पानावर ती जवळजवळ सातपट लहान होतात. तरी टिकतात, कारण प्रत्येकात एकच मोठा आकार आणि एकाच बाजूचा उजेड असतो.

कथेतला आंधळा चाचा प्यू घ्या. चांदण्या रात्री काठीने वाट चाचपत रस्त्यावर आलेला, मागे खाणावळ, अंगावर फडफडणारा झगा. चांगल्या छपाईत झग्याच्या काळोखातही घड्या मोजता येतात. वाईट छपाईत तिथे काळा डाग असतो आणि प्यू भीतिदायक न वाटता कातरलेल्या कागदासारखा दिसतो. दुसरी कसोटी कथेचा नायक, पोरगा जिम, घर सोडताना घेतो त्या निरोपाची. मूळ मजकुरात हा निरोप एका ओळीत उरकलेला आहे, आई रडल्याचा उल्लेखसुद्धा नाही. वायेथने मात्र मागे उन्हातल्या भिंतीपाशी तोंड झाकून रडणारी आई काढली आणि जिमला पुढे चालतं केलं. पान पिवळट पडलं की ते ऊन विझतं आणि चित्रातला निम्मा अर्थ जातो.

१९११चं पुस्तक अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळं झालं आहे, म्हणून मागणीनुसार छापलेल्या प्रतींचा सुळसुळाट आहे. त्यांत दोन दोष हमखास दिसतात. पहिला, जुन्या छापील पानावरूनच स्कॅन केल्यामुळे हाफटोनच्या ठिपक्यांवर (छपाईत छटा दाखवणारे बारीक ठिपके) नवे ठिपके चढतात आणि आकाशात जाळीदार पट्टे उमटतात. दुसरा कापण्याचा. ६ बाय ९ इंचांचं पान कडेपर्यंत चित्राने भरलं, तर रुंदीचा जवळजवळ सहावा भाग जातो. वायेथच्या माणसाभोवतीची मोकळी जागा वाया गेलेली नसते, त्याचं एकटेपण तिथेच असतं. पांढरी चौकट ठेवलेली प्रत दिसायला साधी वाटली तरी तीच घ्यावी. कृष्णधवल चित्रांची प्रत तर फुकटही नको.

नव्या प्रतींमध्ये पहिली पसंती अथेनियम प्रकाशनाच्या 'स्क्रिबनर इलस्ट्रेटेड क्लासिक्स' मालिकेतल्या सजिल्द प्रतीला. 'स्क्रिबनर स्टोरीबुक क्लासिक' हे मिळतंजुळतं नाव पाहून फसू नका. त्यातही वायेथचीच चित्रं आहेत, पण मजकूर लहान मुलांसाठी संक्षिप्त केलेला आहे.

जुनी प्रत घेत असाल तर पुठ्ठ्याआधी चित्रं मोजा: १४ भरली पाहिजेत. चित्रपानं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून मध्ये घातलेली असल्याने ती शिवणीपाशी सुटतात, आणि सुटलेलं पान चौकटीत लावून स्वतंत्र विकायचा मोह विक्रेत्यांना होतोच. शिवाय नंतरच्या काही पुनर्मुद्रणांत चित्रंच कमी केली होती, त्यामुळे एकही पान फाटलेलं नसताना प्रत अपुरी असू शकते. मुखपृष्ठावरचं चित्र कापडी पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असतं. त्याचे कोपरे घासलेले असले तर भाव उतरतो, पण आतल्या चित्रांचं त्याने काही बिघडत नाही. संग्रहासाठी नव्हे, तर चित्रं पाहत वाचायला घेणाऱ्याने अशी कोपरे घासलेली प्रतच शोधावी.