सहा फुटी फिशटँकला संप आणि डीसी पंप: पंप उत्तम, पण ॲडॉप्टरचं आधी विचारून घ्या

हा रिव्ह्यू मे महिन्यात लिहिला असता तर निव्वळ कौतुक केलं असतं. आता दिवाळी झाली, मधे पावसाळ्यात ॲडॉप्टर गेला, सर्व्हिसवाल्यांशी भांडण झालं, त्यामुळे दोन्ही बाजू लिहितो. कंपनीचं नाव घेत नाहीये. बाजारातले बरेचसे डीसी रिटर्न पंप, म्हणजे संपमधलं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी परत टँकमध्ये चढवणारे पंप, साधारण एकाच घडणीचे असतात, पाण्यात मोटर, बाहेर कंट्रोलर आणि त्याच्यामागे २४ व्होल्टचा ॲडॉप्टर, आणि माझी सगळी तक्रार त्या ॲडॉप्टरबद्दल आहे.

टँक ६ बाय २ बाय २ फूट. हिशोबानं ६८० लिटर होतं, पण वाळू, दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा सोडली तर खरं पाणी ६०० धरा. डेनिसन बार्बचा म्हणजे आपल्या मिस केरळचा कळप, काही सिल्व्हर डॉलर आणि एक मोठा प्लेको, जो एकटाच अर्धी घाण करतो. आधी एकच कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर, होता. हिवाळ्यात निभायचं, पण एप्रिल-मेमध्ये पुण्यात पाणी ३१ अंशावर गेलं की डेनिसन वरच्या थरात येऊन घाईघाईनं कल्ले हलवायला लागायचे. हा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटांतल्या वाहत्या, थंड ओढ्यांचा. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच मावतो, वर पाणी हललंच नाही तर तेवढाही मिळत नाही. आययूसीएन या निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात असलेला मासा आपण हौसेनं घरी ठेवायचा आणि त्याला श्वास पुरवायचा नाही, हे मला पटत नव्हतं. म्हणून संप करायचं ठरवलं.

संप खालच्या कॅबिनेटमध्ये, ४ फुटी, ओळखीच्या काचवाल्याकडून करून घेतला. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही, व्हिडिओ ढीगभर आहेत. पण एक हिशोब मात्र प्रत्येकानं कागदावर करावा. माझ्या टँकची पातळी १ सेंटीमीटर उतरली की ११ लिटर पाणी खाली येतं. लाइट गेली की रिटर्नचं तोंड जितकं पाण्याखाली असेल तितकं पाणी उलटं सायफन होऊन संपमध्ये उतरतं, वर पाइपातलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकचं पाणी जिथून खाली उतरतं त्या कप्प्यातलं) वेगळं. म्हणजे तोंड ५ सेंटीमीटर खाली असेल तर ५५ लिटर, आणि संपमध्ये तेवढी जागा नसेल तर ते हॉलमध्ये येणार. बरेच जण यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावतात, पण एनआरव्हीच्या झडपेत गोगलगाय किंवा शेवाळ अडकलं की तो बंद होत नाही. मी रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम १ सेंटीमीटरवर भोक पाडून घेतलं, तिथं हवा शिरली की सायफन तुटतो. ते भोक मात्र टूथब्रशनं साफ ठेवावं लागतं. खाली येणाऱ्या पाण्याला दोन पाइप, एक पूर्ण भरून वाहणारा ज्याला खाली गेट व्हॉल्व्ह आहे, आणि दुसरा आणीबाणीचा, एरवी कोरडा. बॉल व्हॉल्व्हनं बारीक ॲडजस्टमेंट होत नाही, गेट व्हॉल्व्हच घ्या. एकदा नीट बसला की गडगड आवाज अजिबात येत नाही.

आता पंप. सुरुवातीला संपवर साधा एसी पंप चालवून पाहिला, खोक्यावर ताशी ५००० लिटर, १०० वॉट. खोक्यावरचा आकडा असतो शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचंच नाही असं धरून. माझ्याकडे संपच्या पाण्यापासून टँकच्या कडेपर्यंत सव्वा मीटर चढ, शिवाय एल्बो. २० लिटरची बादली रिटर्नखाली धरली आणि मोबाइलवर वेळ लावली, भरायला ३६ सेकंद. म्हणजे ताशी फक्त २०००. ही बादलीची चाचणी प्रत्येकानं करावी, फुकट आहे.

मग डीसी घेतला, खोक्यावर ८०००. प्लंबर पाऊण इंची पाइप टाकू म्हणत होता कारण तो त्याच्याकडे पडून होता, मी एक इंचीवर अडून बसलो. पंपाचं तोंड मोठं आणि पुढं पाइप बारीक केला तर घेतलेली ताकद घर्षणातच जाते. फुल स्पीडला बादली १७ सेकंदांत भरली, ताशी ४२०० च्या आसपास, आणि दहापैकी सातवर २२ सेकंद म्हणजे सव्वातीन हजार. ६०० लिटरला हे तासाला पाचपेक्षा जास्त फेरे झाले, मला पुरे. आणि प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर सातच्या स्पीडला ३८ वॉट. जुना १०० वॉटचा पंप महिन्याला ७२ युनिट खायचा, हा २७ च्या आसपास, म्हणजे ४५ युनिट वाचले. मला सहा हजार रुपये जास्त पडले होते, आमच्या स्लॅबला ते सव्वा वर्षाच्या आत वसूल होतायत, हे मी बिलं समोर ठेवून सांगतोय. शिवाय पाण्यातला पंप जेवढी वीज खातो त्यातली बहुतेक उष्णता पाण्यातच सोडतो, १०० चे ३८ झाल्यावर या उन्हाळ्यात टँक एखाद अंश थंड राहिला आणि डेनिसन मे महिन्यातही खाली, मधल्या थरात, प्रवाहाला तोंड करून पोहत होते. ते बघून खरंच पैसे वसूल वाटले. आई रोज संध्याकाळी खुर्ची टँकसमोर ओढून बसायला लागली.

बदल करताना कॅनिस्टर लगेच काढू नका हे कळकळीनं सांगतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या मीडियावर, म्हणजे आतल्या रिंगा, स्पंज यांवर बसलेले असतात, पाण्यात तरंगत नसतात, नवा कोरा संप म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ओसाड जागा. मी जुना कॅनिस्टर काही आठवडे सोबत चालू ठेवला, मग त्यातल्या सिरॅमिक रिंगा जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये ठेवल्या, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर दिसत राहिले तेव्हाच कॅनिस्टर बंद केला. आणि रिंगा धुवायच्याच झाल्या तर टँकच्या काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनला चांगले जिवाणू आणि वाईट जिवाणू यांतला फरक कळत नाही.

फिल्टर सॉकबद्दल, म्हणजे पाणी गाळायच्या कापडी पिशवीबद्दल, माझं मत मधेच बदललं. पहिले दोन महिने मी २०० मायक्रॉनच्या सॉकचं गुणगान सगळ्यांना ऐकवत होतो, पाणी काचेसारखं दिसायचं. पण प्लेकोच्या कृपेनं सॉक चार दिवसांत भरतो, मग पाणी वरून वाहून गाळलं न जाताच पुढं जातं, आणि ते धुणं हे कंटाळवाणं काम आहे. आता त्याजागी जाड स्पंज आणि वर उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर, किलोनं मिळतो, घाण झाला की फेकायचा. पाणी तेवढंच स्वच्छ आणि खर्च नगण्य.

आता मूळ गोष्ट. जुलैत एका सकाळी टँकपाशी गेलो तर सगळे डेनिसन वर, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला लावून. पंप बंद होता आणि कोणाला कळलंच नव्हतं, कारण चालू असतानाही तो आवाज करत नाही. ज्या शांततेसाठी आपण पैसे मोजतो तीच इथं घातक ठरते, एसी पंप बंद पडला तर घरभर कळतं. आधी बॅटरीचा एअर पंप टाकला. मग जुना एसी पंप. पंपाच्या वर मी युनियन बसवून घेतलं होतं, पाइप हातानं खोलता-जोडता येणारं किरकोळ पैशांचं फिटिंग, त्यामुळे पाइप न कापता पंधरा मिनिटांत जुना पंप जोडला गेला. एकही मासा गेला नाही. जुना पंप विकून टाका असं दुकानदार सांगत होता, दोनेक हजार आले असते. नव्या पंपावर भरवसा असला तरी जुना घरात ठेवा, धुवून, कोरडा करून.

मल्टिमीटर लावला, कंट्रोलरवर लाइट नाही, ॲडॉप्टरच्या आउटपुटला शून्य व्होल्ट. ॲडॉप्टर पहिल्यापासून कॅबिनेटच्या बाहेर, भिंतीवर उंच, वायरला खाली झोका देऊन बसवलेला, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्याच्यात जाणं शक्यच नाही. वॉरंटी चालू. सर्व्हिसला फोन केला तर म्हणे पंप, कंट्रोलर, ॲडॉप्टर तिन्ही पाठवा, कुरियर तुमच्या खर्चानं, तपासून पंधरा-वीस दिवसांत कळवतो. मी म्हटलं अहो दादा, पंप चांगला आहे, फक्त ॲडॉप्टर द्या, विकत द्या, तर म्हणे सुटा ॲडॉप्टर देत नाही. मग फोटो मागवले, फोटोवरून सांगितलं पाण्याचा संपर्क आला असेल. माझा संताप पैशांचा नव्हता. मिक्सर बिघडला तर माणूस पंधरा दिवस वरवंट्यावर वाटतं, इथं पंप काढून कुरियरला दिला तर खाली जिवंत मासे आणि जिवंत जिवाणू आहेत, त्या जिवाणूंना सतत ऑक्सिजनवालं वाहतं पाणी लागतं, पाणी जास्त वेळ थांबलं तर ते मरायला लागतात. ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहेत तिच्या सर्व्हिसचा हिशोब दिवसांत करणं हेच चूक आहे, आणि हे त्या माणसाला सांगून सांगून थकलो. ॲडॉप्टर हा या यंत्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारा भाग, तोच सुटा न मिळणं याचा अर्थ एका पाचसातशेच्या डब्यासाठी नऊ हजारांची वस्तू मुकी पडते.

शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, जुना ॲडॉप्टर हातात घेऊनच. २४ व्होल्ट, ५ अँपिअर, पिनेचा आकार तोच, प्लस-मायनस मल्टिमीटरनं तपासून घेतलं, कारण उलटं लागलं तर कंट्रोलर जाऊ शकतो. अँपिअर मूळ ॲडॉप्टरपेक्षा कमी घेऊ नका, जास्त चालतात, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत. सातशे रुपये. घरी येऊन लावला, पंप पहिल्यासारखा सुरू. आजपर्यंत तोच चालू आहे आणि गरमही कमी होतो.

सर्व्हिसवाल्यांशी मेलामेली चालूच ठेवली, प्रत्येक मेलला व्हिडिओ जोडत होतो. सप्टेंबरात काही न कळवता नवा ॲडॉप्टर कुरियरनं आला. आला हे मान्य करतो, त्यामुळे सर्व्हिसला शून्याऐवजी एक स्टार देतो, पण पावसाळा उलटून गेल्यावर आला. तो आता स्पेअर म्हणून खोक्यात आहे.

तरी पंपाबद्दल मत वाईट झालेलं नाही, उलट लाइट गेल्यावर त्याची खरी किंमत कळली. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, कधी दिवसभर. आधी मी एसी पंप इन्व्हर्टरवर लावायची हिंमत करत नव्हतो, हा लावलाय. इतकंच लक्षात ठेवा की स्पीड फार कमी करून चालत नाही, तीनवर ठेवला तर सव्वा मीटर पाणी चढतच नाही, नुसती मोटर फिरते, पाचवर बारीक पण अखंड धार पडते आणि २० वॉटच लागतात. आणि लाइट आली की कंट्रोलर शेवटचा स्पीड लक्षात ठेवतो का हे घेताना दुकानात प्लग काढून-घालून बघा, माझा ठेवतो.

देखभाल म्हणाल तर उन्हाळ्यात सोसायटीचं पाणी बोअर आणि टँकरचं येतं, त्यानं इम्पेलरवर (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पात्यांवर) पांढरा क्षार धरतो. दर दोनेक महिन्यांनी इम्पेलर आणि सिरॅमिक शाफ्ट लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं घासतो, शाफ्ट जोरात दाबू नका, तुटतो.

पंपाला साडेचार, संपला पाच. आता नवीन घेणाऱ्यांनी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा की ॲडॉप्टर आणि इम्पेलर सुटे मिळतात का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं. इम्पेलरबद्दल मीही मेल टाकलाय, उत्तर आलं की लिहितो.