पेट्यांचा हिशेब आणि फुकटातलं गुगल कॉन्टॅक्ट्स

फोनमधल्या नंबरांच्या यादीवर काय लिहायचंय, असं नवऱ्याचं म्हणणं. पण देवगडच्या आमच्या बागेतला हापूस आता बराचसा याच यादीच्या जोरावर विकला जातो, म्हणून लिहिते. पूर्वी पेट्या वाशीला दलालाकडे जायच्या, मागाहून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची आणि आंबा कोणी खाल्ला हे काही कळायचं नाही. थेट घरपोच द्यायला लागल्यावर मात्र कोणाला कच्चा हवा, कोणाला पिकायला आलेला, कोणाच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे सगळं लक्षात ठेवणं आलं.

गुगल कॉन्टॅक्ट्सची खरी गंमत नाव कसं लिहितो यात आहे. पुण्याची गिऱ्हाइकं असली की 'जोशी' शोधून काही उपयोग नाही, ढीगभर निघतात. मी नावातच सगळं कोंबते : 'जोशी सहकारनगर ५डझन कच्चा'. फोन वाजला की एवढं स्क्रीनवर दिसतं आणि उचलल्या उचलल्या "काकू, यंदाही पाचच डझन ना?" असं विचारता येतं. समोरचा माणूस तिथेच खूश होतो. खाली टिपांसाठी जागा आहे, तिथे बाकीचं लिहिते : साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा) निघाला म्हणून चार आंबे बदलून दिले, अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचायला हवं, मुलगी एप्रिलअखेर येते तेव्हा दुसरी पेटी. एका ठिकाणी 'आजोबा गेले, मोठी पेटी विचारू नये' असंही आहे. फक्त या टिपा फोन वाजताना दिसत नाहीत, आत जाऊन उघडाव्या लागतात. म्हणून जे पहिल्या वाक्यात लागतं ते नावात, उरलेलं आत.

नंबरांचे गट पाडायला गुगलमध्ये लेबलं भरपूर करता येतात. मी गावांची केली आहेत, पुणे, ठाणे, डोंबिवली, कारण टेम्पो गावाप्रमाणे भरतो. पण ही लेबलं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये उतरत नाहीत. तिथे वेगळी करावी लागतात, तीही २० पर्यंतच. पैसे बाकी, ऑर्डर पूर्ण अशी लेबलं तिथे तयारच मिळतात आणि हंगामात तीच कामाची. म्हणजे माणूस कोण हे गुगलमध्ये, त्याची पेटी कुठवर आली हे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. दोन घरचा संसार आहे, पण चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवण्याचं, मात्र नीट समजून घ्या. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. आपण 'पहिली काढणी सुरू' असं पाठवून वाट बघत बसतो आणि पलीकडे काही गेलेलंच नसतं! आता पेटीत गवतावर एक चिठ्ठी ठेवते : आंबा आढीत कसा घालायचा, आणि खाली 'हा नंबर सेव्ह करा'. झाकणावर व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर चिकटवते. तो स्कॅन केला की 'पुढच्या वर्षी कळवा' असा मजकूर तयारच येतो, त्यांनी फक्त पाठवायचा. असा आलेला नंबर सोन्यासारखा, कारण त्याने स्वतःहून सांगितलेलं असतं.

याउलट मध्यंतरी एकजण पन्नास हजार 'श्रीमंत गिऱ्हाइकांचे' नंबर विकायला आला होता. चहा पाजून परत पाठवला. ज्यांना आपण माहीत नाही त्यांना निरोप टाकत बसलं की लोक ब्लॉक करतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर असले नंबर घरात ठेवूही नयेत असं माझं मत. गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं, महिन्याच्या भाड्याचं एक सॉफ्टवेअरही बघितलं. चांगलं होतं, पण पैसे बाराही महिन्यांचे आणि आमचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. आंबा नसताना भाडं कोण भरणार?

यादीची साफसफाई पावसाळ्यात, भातलावणी उरकली की. कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडलं की दुबार नोंदी ते स्वतःच दाखवतं. 'सगळे एकत्र करा' हे बटण मात्र दाबू नका, एकेक बघून करा, नाहीतर एकाच नावाचे दोन देशपांडे एक होतील आणि डोंबिवलीची पेटी ठाण्याला जाईल. चुकलंच तर ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं, पण मग अख्खी यादीच मागे जाते.

कमी काय, तर कोणी कोणत्या वर्षी किती पेट्या घेतल्या याचा तक्ता इथे होत नाही. त्यासाठी गुगल शीट्समध्ये एक पान ठेवलंय : नाव, गाव, आणि पुढे वर्षांचे रकाने. दोन रकाने लागोपाठ रिकामे दिसले की निरोप न टाकता फोन करते. बहुतेक वेळा रागबिग नसतो, घर बदललेलं असतं.

ज्यांची गिऱ्हाइकं शे-पाचशेच्या घरात आहेत, फराळवाले, मसालेवाले, साड्या विकणाऱ्या बायका, त्यांनी पैसे घालण्याआधी हेच वापरून बघावं. धंद्यासाठी जीमेलचं खातं मात्र वेगळं काढा आणि ऑर्डर घेणाऱ्या दोन्ही फोनांवर तेच घाला. आमच्याकडे आधी घरचंच खातं होतं, तर जाऊबाईंच्या माहेरच्या सगळ्यांना हापूसचा भाव गेला, आणि त्यातल्या दोघांनी घरच्या दरात मागितला.