‘उडणें’वरचा अनुस्वार: ऑनलाइन मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश फुकट बघता येतात. खातं उघडायची भानगड नाही. मुंबईत बातमीच्या डेस्कवर किंवा भाषांतराला बसलेल्या माणसाला ते किती उपयोगी पडतात, हे इथे एकाच कप्प्यात तपासलं आहे: जमीन सोडण्याचे, म्हणजे उडण्या-झेपावण्याचे शब्द.

पहिली ठेच शोधाच्या चौकटीतच लागते. ‘उडणे’ टाकून काही हाती लागलं नाही, तर शब्द नाही असं समजू नका. दोन्ही कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचे असल्याने क्रियापदांवर अनुस्वार आहे: उडणें, झेपणें. प्रयोजकाला ‘उडवणें’ आणि ‘उडविणें’ दोन्ही रूपं टाकून बघा. त्याहून सोपं म्हणजे नोंदीशेजारच्या पृष्ठांकावरून अख्खं पान उघडायचं. ‘उड’ने सुरू होणारी भावंडं तिथे रांगेत भेटतात आणि खरा माल बहुतेकदा शेजारच्या नोंदीत निघतो.

मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७) मराठी-इंग्रजी आहे, म्हणून उलटाही चालवता येतो. अर्थाच्या मजकुरात ‘सोअर’, ‘डार्ट’, ‘स्प्रिंग’ हे शब्द इंग्रजी लिपीत शोधा. ‘टेकऑफ’ शोधू नका. त्या काळी विमान फक्त देवांकडे होतं. ‘व्ही आय’ म्हणजे अकर्मक, ‘व्ही सी’ म्हणजे सकर्मक किंवा प्रयोजक, एवढ्या दोन खुणा सुरुवातीला पुरतात.

दाते-कर्वे मराठी-मराठी, त्यामुळे उलटा शोध नाही. पहिला खंड १९३२चा. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. विमानतळावरची आजची भाषा या कोशात मिळणार नाही, हे त्यावरूनच समजा. पण ‘(ल.)’ म्हणजे लाक्षणिक, ‘(व.)’ म्हणजे वऱ्हाडी, ‘(गो.)’ म्हणजे गोव्याकडचा, या कंसांसाठी तो उघडाच. शब्द कुठल्या मातीतला आहे, ते तिथे कळतं.

डेस्कवर सर्रास एकमेकांच्या जागी बसवले जाणारे तीन शब्द म्हणजे झेप, भरारी आणि उड्डाण. झेप एका दमाची, बहुधा कशाच्या तरी दिशेने. घार कोंबडीच्या पिलावर झेप घेते. भरारी हवेत गेल्यानंतरची, तिला पल्ला लागतो. उड्डाण त्या मानाने कोरडं, म्हणून वेळापत्रकाला तेच बरं: ‘विमानाने ९.१०ला उड्डाण केले’. तिथे ‘गगनभरारी’ घातली की बातमीचं निमंत्रणपत्र होतं. पतंगाला यातलं काहीच चालत नाही, तो बदवावा, म्हणजे वाऱ्यावर चढवावा लागतो.

खरा सापळा ‘उडवणे’. वैमानिक विमान उडवतो आणि धमकीचा ईमेल पाठवणाराही विमान उडवायलाच निघालेला असतो. मथळ्यात ‘बॉम्बने’ हा शब्द जागेअभावी कापलात तर घोटाळा ठरलेला. रंग उडतो, झोप उडते, पैसे उडतात, टर उडते. नोंद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हे क्रियापद वापरू नये.

‘लाँच’साठी मात्र जुने कोश मिटून महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश काढा. जहाजाचं जलावतरण वेगळं आणि नौदलात दाखल होणं वेगळं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘सूरत’ या युद्धनौकेचं जलावतरण १७ मे २०२२ला झालं, ती नौदलात आली १५ जानेवारी २०२५ला. दोन्हीला ‘लाँच’ म्हणणाऱ्या मूळ इंग्रजी मजकुरावर विसंबलात तर अडीच वर्षांहून जास्त फरकाची चूक छापाल. अग्निबाणाला ‘प्रक्षेपण’ पक्कं बसलंय, पण टीव्हीनेही तोच शब्द घेतल्यामुळे ‘प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण’ असा मथळा होऊन बसतो. दुसऱ्या जागी ‘प्रसारण’ करा. मोबाइल फोन नुसता ‘बाजारात आला’, त्याचं लोकार्पण करू नका.

आणि गेटवेवरून मांडव्याला जाते ती लाँचच. ती सुटते.